बरडीवरचा पत्ता

"मोहाच्या झाडापासून डाव्या हाताले वळ म्हनलं होतं ना तुले?" बाजेवर बसलेले अब्दुल सत्तार फोनमध्ये ओरडले.

"अब्बा, मोहाचं झाडच नाई तथी," पलीकडून तौहीद म्हणाला.

"नाई कसं? माह्या बापाच्या टायमापासून हाये ते."

"खुट हाये नुसता. झाड कोनं तोडलं काय मालूम."

सत्तारांनी मोडलेल्या पायाखालची उशी सरकवली. "मंग तू आता कुठून बोलून राहिला?"

"बरडीवरून. ट्रॅक्टर खाली पुंजाजीच्या धुऱ्यावर हाये. मांगं मशीन, वळवता बी येत नाई."

लुबना दारात लसूण सोलत बसली होती. भाऊ काय बोलतोय ते तिला बापाच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. बोरमळीच्या सगळ्या शिवारात सोयाबीन सोंगून पडलं होतं. वावरावावरात ताडपत्रीखाली गंज्या उभ्या होत्या, आणि दसरा होऊन गेला तरी पातूरच्या डोंगरावर काळं आभाळ धरून होतं. गंजी भिजली की आत वाफ धरते, दाण्याला बुरशी चढते. त्यामुळे प्रत्येकाला थ्रेशर आजच पाहिजे होतं.

सत्तार स्वतः ट्रॅक्टरवरून थ्रेशर भाड्यानं फिरवत होते तोवर अडचण नव्हती. उन्हाळ्यात ट्रॉलीवरून पडून त्यांच्या मांडीचं हाड मोडलं, आत सळई बसली. तौहीद अकोल्यातलं गॅरेज सोडून आला. इंजिनाचा आवाज ऐकून तो बिघाड सांगायचा. पण कोणाचं वावर कुठं, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यात गावातली वावरं जुन्या नावांनी चालत. चिंचेच्या वावरात चिंच नव्हती, आणि खुशालरावांच्या आजोबांनी घेतलेली जमीन अजून आधीच्या मालकाच्या नावानं ओळखली जायची.

त्या दिवशी तौहीदची वाट पाहत खुशालराव दुपारपर्यंत थांबले आणि मग त्यांनी पातूरच्या धर्मेंद्रचं मशीन बोलावलं. तौहीद रिकामा परत आला. संध्याकाळी धर्मेंद्र स्वतःच अंगणात हजर झाला. सत्तारांच्या बायकोनं, हमिदानं दिलेला चहा घेत तो थ्रेशरभोवती फिरला. त्यानं पट्टा दाबून पाहिला, चाळणीवर बोट फिरवलं.

"मशीन चांगली हाये, चाचा," तो म्हणाला. "चालवनारा पाहिजे."

तौहीद नळाखाली हात धूत होता. त्यानं वर पाहिलं नाही. फक्त साबण पुन्हा लावला.

"दिवाळीनंतर सौद्याचं बोलू मंग?" धर्मेंद्रनं विचारलं.

"या सोयाबीनले गिऱ्हाईक टिकले त बोलाची गरज नाई," सत्तार म्हणाले. "तुटले त घेऊन जाजो."

धर्मेंद्र गेल्यावर हमिदा एवढंच म्हणाली, "खाना तो खा लो." पण कोणी लवकर उठलं नाही.

लुबनानं अकोल्याहून गणितात बीएस्सी केलं होतं. शेवटच्या वर्षी तिनं आणि तिची मैत्रीण श्रावणी हिनं मिळून एक वेबसाइट केली होती. पत्त्याचे छोटे कोड जगात आधीच होते, खुले, कोणालाही वापरता येणारे. पृथ्वीचे मोठे चौकोन पाडायचे, त्या चौकोनांचे पुन्हा चौकोन, आणि प्रत्येक वेळी एकेक अक्षर किंवा आकडा जोडत जायचं. शेवटी अंगणाएवढा चौकोन उरतो आणि त्याचा कोड पाठ करता येईल इतका लहान असतो. रस्त्याला नाव लागत नाही, घराला नंबर लागत नाही. मुलींना वाटलं होतं की ही पद्धत वापरायला सोपं असं मराठी पान कुणी तरी केलं पाहिजे. प्रोजेक्टला चांगले मार्क मिळाले, आणि मग ते पान तसंच पडून राहिलं.

त्या रात्री जेवताना लुबना म्हणाली, "अब्बा, लोकाइनं आपल्या वावराचा कोड पाठवला तं? तौहीदभाईच्या फोनवर बाण येईन. तिकडे चालत सुटाचं."

"वावराले नंबर पलेट?"

"तसंच समजा."

सत्तारांनी घास मोडला. "नत्थुजीसारख्या गिऱ्हाइकाले जमन का?"

"एकच बटन ठेवतो."

तिनं आणि श्रावणीनं फोनवर बोलत पान छाटलं. 'आमच्याविषयी' काढलं. नाव, गाव, मोबाइल विचारणारे रकाने काढले. वर उपग्रहातून घेतलेला नकाशा आणि खाली एक हिरवं बटण राहिलं: माझा पत्ता सांगा. बटण दाबलं की कोड येई, त्याखाली 'पाठवा'. दुवा गावाच्या ग्रुपवर गेला तेव्हा पुंजाजींनी लगेच आवाज रेकॉर्ड करून टाकला: "लुबना, आता बैलाले बी नंबर देशीन का वो?" त्यावर बरीच हसरी तोंडं आली. पण दुसऱ्या दिवशी दुपारपासून कोड येऊ लागले. पहिला नत्थुजींचा होता.

पुढच्या सकाळी लुबना ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून भावासोबत निघाली. ओढणी तिनं डोक्याला घट्ट गुंडाळली होती. फोनवरचा बाण सरळ दाखवत होता, पांदण मात्र वळणं घेत होती. शेवटी बाण डावीकडं वळला आणि चढ सुरू झाला. मुरमावर टायर फिरले, मागचं थ्रेशर एका अंगावर कललं.

"इकडे कोनतं वावर आलं?" तौहीद दात आवळून म्हणाला.

"बाण इकडेच दाखवते."

चढ संपला तेव्हा ते बरडीवर होते. खडक, कुसळं, एक बाभूळ. बाभळीखाली तिघं-चौघं फोन कानाला लावून उभे होते. थ्रेशर वर आलेलं पाहून एकानं फोन खाली घेतला.

"तौहीद, दगडं काढाचे हायेत काय मशीनीतून?"

बाकीचे खो-खो हसले. फोनवर पलीकडं असलेल्यांनाही त्यांनी ते सांगितलं. लुबनानं कोड पुन्हा पाहिला: एफ डब्ल्यू चार आर, अधिक, सात सी. पानाच्या मते ते नत्थुजींच्या गंजीपासून हातभर अंतरावर उभे होते.

इतक्यात खालून नत्थुजी चढत आले. डोक्याला बांधलेला रुमाल घामानं काळा पडला होता. "मी तथी ताडपत्री काढून बसलो, आन् तुमी अथी हवा खाऊन राहिले! तुह्या पानानं सांगतलं काय वो, नत्थुजीचं सोयाबीन खडकावर पिकते म्हनून?"

"चुकलं काका," लुबना म्हणाली.

"चुकलं म्हन्ते! आभाळ पाह्य वरतं."

तौहीदनं ट्रॅक्टर उलटा घेतला. उतारावर त्यानं ब्रेकवरचा पाय उचलला नाही. नत्थुजी पुढं चालत होते आणि थ्रेशर त्यांच्या मागून.

लुबना खाली गेली नाही. ती बाभळीपासून थोडी दूर खडकावर बसली आणि तिनं दुसरा कोड उघडला. एफ डब्ल्यू चार आर, अधिक, सात सी. तिसरा तोच. चौथ्याचं फक्त शेवटचं अक्षर वेगळं. सोबत आणलेल्या वहीच्या मागच्या पानावर तिनं अक्षांश-रेखांश घेऊन भागाकार केला, बाकी घेतली, पुन्हा भागाकार केला. उत्तर तेच येत होतं. सूत्र बरोबर होतं. मग शिवारातली सगळी वावरं एका अंगणात कशी आली?

एक बाई चढून आली. गीतांजली. नवरा पुण्याकडं कंपनीत, वावर ती एकटीच बघायची. सोंगणीनं तिची बोटं चिरली होती, दोन बोटांना चिंध्या बांधल्या होत्या. बाभळीखालच्या चपट्या दगडावर तिनं पाय ठेवला, फोन डोक्याच्या वर धरला, थोडं थांबली, मग चिंधीच्या बोटानं हिरवं बटण दाबलं.

"घे वो लुबना. झाला माहा बी पत्ता."

लुबनाच्या फोनवर कोड आला. एफ डब्ल्यू चार आर, अधिक, सात सी.

"गीताकाकू, तुमचं वावर कुठी हाये?"

गीतांजलीनं हनुवटीनं नाल्याच्या पलीकडं दाखवलं. "त्या सिताफळाच्या झाडाइमांगं."

"मंग बटन अथून काहून दाबलं?"

"अथून नाई त कुठून दाबाचं बाई? वावरात रेंज असते काय? बरडीवर आल्याबिगर तुहं पान उघडतेच कुठी?"

वावरातून फोन करायचा तर बरडीवर यायचं, हे गावातल्या लेकरालाही माहीत होतं. परवा तौहीदनंही इथूनच फोन लावला होता. कपडे वाळत घालायला दोरीपाशी जावं तसं सगळे इथं येत, त्याच दगडावर पाय ठेवत. पान खोटं बोललं नव्हतं. माणूस जिथं उभं होतं तिथलाच पत्ता त्यानं दिला होता, दर वेळी, बिनचूक. तिनं ते घरी वायफायवर बसून तपासलं होतं. श्रावणीनं अकोल्यात.

"हसून काहून राहिली?" गीतांजलीनं विचारलं.

"माह्यावरच," लुबना म्हणाली, आणि तिथूनच तिनं श्रावणीला फोन लावला.

"नकाशा काढायचा?" श्रावणी ओरडली. "लुबना, त्या नकाशाचे रंग ठरवायला मी आख्खी परीक्षा बुडवत आणली होती!"

"नकाशा रेंजशिवाय येत नाही. तो येईपर्यंत पान अडून बसतं."

"मग उरलं काय?"

"कोड उरला. कोड काढायला नकाशा लागतच नाही, नुसतं गणित आहे. आणि जागा उपग्रहाकडून कळते, टॉवरकडून नाही. रेंज नसलेल्या वावरातही फोनला आपण कुठं आहोत ते समजतं."

"म्हणजे पान एकदा उघडलं की आख्खं फोनमध्येच ठेवून द्यायचं," श्रावणी हळूहळू म्हणाली. "नंतर नेट नसलं तरी उघडेल. कोडही फोनमध्ये साठेल. माणूस रेंजमध्ये आलं की मग पाठवायचा."

"हो. आणि बटण दाबायच्या आधी विचारायचं. गंजीजवळ उभे आहात का, म्हणून."

"इतकं उघड विचारायचं?"

"मी नाही विचारलं, म्हणून तर आमचं थ्रेशर डोंगर चढलं."

श्रावणी इतकी हसली की तिच्या वडिलांनी आतून काय झालं म्हणून विचारलेलं लुबनाला ऐकू आलं.

रात्रीतून पान बदललं. सकाळी ते तपासायला लुबना गीतांजलीबरोबर तिच्या वावरात गेली. नुसतं उभं राहणं बरं दिसेना, म्हणून तिनं आधी ताडपत्री उचलायला हात लावला. गंजीच्या पोटातून उष्ण, आंबूस वास आला. दोघींनी खालचे पेंढे उपसून वर टाकले. कोरड्या शेंगांची टोकं लुबनाच्या मनगटांत घुसत होती. गीतांजली पेंढा कवेत घेऊन कमरेतून वळायची, तिचा श्वास एका लयीत चालायचा. लुबना धापा टाकत होती.

"कॉलेजात हे नाई शिकवत वाट्टे," गीतांजली म्हणाली.

"नाई. पास बी नाई झाली असती मी."

मग गंजीजवळ उभं राहून गीतांजलीनं पान उघडलं. पांढराशुभ्र पडदा. काहीच नाही. त्या नाला ओलांडून बरडीवर गेल्या. श्रावणीला फोन झाला. तिला चूक सापडली: अक्षरं दाखवणारी एक फाइल फोनमध्ये ठेवायची राहून गेली होती. पान पुन्हा उतरवून दोघी खाली वावरात आल्या. या वेळी पान उघडलं, पण कोड येईना. जागेचा अंदाज दाखवणारं वर्तुळ मोठं होतं, थरथरत होतं.

"तुह्या पानापायी माहे पाय झिजले," गीतांजली म्हणाली.

"फोन उपग्रह शोधून राहिला काकू. रेंज नसली की वेळ लागते. सिताफळाखालून बाहेर या जराशा, मोकळ्यात."

वर्तुळ लहान होत गेलं, आणि कोड आला. तो वेगळा होता. लुबनानं तो दोनदा वाचला. परत जाताना तिनं पानात एक ओळ वाढवायचं ठरवलं: थोडं थांबा, आभाळ दिसेल असं मोकळ्यात उभे राहा.

दुपारी बरडीवरून गीतांजलीचा कोड सत्तारांच्या घरी पोहोचला. लुबनानंही सगळ्यांना निरोप धाडला: बरडीवर पान उघडा, पण बटण वावरात दाबा. ग्रुपवर या वेळी कोणी हसरी तोंडं टाकली नाहीत. कोणी उत्तरच दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी वारा पडला. आभाळ इतकं खाली आलं की डोंगराची शेंडी दिसेना. फोनवर एवढीच कामं आली होती: गीतांजलीचं आणि अजून एक. बाकीच्यांनी धर्मेंद्रकडं नंबर लावले होते.

"कोड कुठी दाखवते?" सत्तारांनी विचारलं. लुबनानं गावापासूनची दिशा आणि अंतर वाचून दाखवलं. सत्तारांनी डोळे मिटले. काठीच्या टोकानं त्यांनी जमिनीवर एक रेघ ओढली. "सिताफळाइमांगं. बानाच्या नादी लागून नाल्यातून घुसू नको, चाक बसन. गावामांगच्या पांदणीनं जाय, अन् विहीर आली की मंग बान पाह्य."

तौहीदनं फोन खिशात टाकला. परवा बरडीवर ऐकलेलं हसू अजून त्याच्या खांद्यांत होतं. ते उचललेले, ताठ होते. विहिरीपर्यंत तो बापाच्या सांगण्यानं गेला. विहिरीपाशी त्यानं फोन काढला. बाण सिताफळाच्या रांगेकडं होता. त्यानं गिअर टाकला.

सिताफळं संपली आणि समोर गीतांजली उभी होती. ती हात वर करत नव्हती, हाका मारत नव्हती. कमरेवर हात ठेवून वाट पाहत होती, पाहुणा ठरल्या वेळी यावा तशी.

"आला का पाव्हना?" ती म्हणाली.

"आलो," तौहीद म्हणाला, आणि त्याचे खांदे खाली आले.

पट्टा चढला, थ्रेशर घुमू लागलं. मजुरांनी पेंढे उचलून तोंडाशी दिले. एका बाजूनं कुटार उडू लागलं, खालून दाणे पोत्यात पडू लागले. लुबना पोत्याचं तोंड धरून बसली. धूळ नाकात गेली, पापण्यांवर बसली. बोलणं ऐकू येत नव्हतं. गीतांजली हातवाऱ्यांनी सांगे, तौहीद मान हलवे. चाळणी एकदा अडकली. त्यानं इंजिन बंद करून आत हात घातला, ओल्या पेंढ्याचा गोळा काढला आणि पुन्हा चालू केलं. गंजी खाली खाली येत गेली, तसं तिच्याखालचं जमिनीचं फिकट वर्तुळ दिसू लागलं.

शेवटचं पोतं शिवताना थेंब आले, जाड आणि थंड. सगळे मिळून पोती ट्रॉलीत टाकू लागले, ताडपत्री ओढली. पाऊस जोराचा लागला तेव्हा दाणा झाकलेला होता. भिजत होतं ते फक्त कुटार आणि माणसं. गीतांजलीनं मुठीत राहिलेले दाणे तौहीदसमोर धरले.

"पाह्य, कोरडा. चावून पाह्य."

त्यानं एक दाणा दाताखाली फोडला. टचकन आवाज आला.

तो आवाज कोणी सांगितला कुणास ठाऊक, पण पाऊस उघडल्यावर ग्रुपवर कोड येऊ लागले. प्रत्येकाचा वेगळा. पुंजाजींनी रेकॉर्ड करून पाठवलं: "लुबना, माह्या वर्तुळानं लय वेळ लावला. मी आपला मोकळ्यात उभा राहून बिडी वढली, मंग आला." नत्थुजींनी कोड पाठवला नाही. ते स्वतःच आले, अंगणात उभे राहिले आणि लुबनाकडं न बघता सत्तारांना म्हणाले, "माही तुर निंघाची हाये पुढं. वावर तेच हाये. पोरीले म्हना, खडकावरचं नाव काढून खालचं टाक."

"तुमीच काढा काका. तुमचं वावर, तुमचंच बटन," लुबना म्हणाली.

"तुही पोरगी लय बोलते," नत्थुजी सत्तारांना म्हणाले, आणि चहाला बसले.

सोयाबीन संपेपर्यंत थ्रेशर दारात क्वचितच उभं राहिलं. तौहीदच्या केसांत कुटार असायचं, जेवताना तो ताटावरच पेंगायचा. एकदा कोणाचा तरी कोड रस्त्यावर उभं राहून घेतलेला निघाला, एकदा फोनची बॅटरी मेली आणि त्यानं विचारत विचारत वावर गाठलं. पण रिकामा तो परत आला नाही.

दिवाळी झाल्यावर धर्मेंद्र आला. सत्तार अंगणातल्या कडुलिंबाखाली बाजेवर होते.

"मंग, चाचा?"

"मशीन नाई देत."

धर्मेंद्रनं मान हलवली. त्याला ते माहीत होतं. तरी तो घुटमळला. "ते पान..." तो म्हणाला. "म्हंजे, तुरीले माह्या पोराले बी फिरा लागन इकडल्या शिवारात."

सत्तारांनी लुबनाकडं पाहिलं. लुबना म्हणाली, "ते फुकट हाये भाऊ. कोनाले बी."

"फुकट?"

"हो. फक्त बरडीवर बटन दाबू नोका."

धर्मेंद्र हसला आणि फोन पुढं केला. तिनं त्यात पान उतरवून दिलं.

तो गेल्यावर सत्तारांनी थ्रेशरकडं पाहिलं. मग म्हणाले, "लुबना, फोन दे."

"कोनाले लावाचा?"

"लावाचा नाई. सगळ्याइच्या वावराचा पत्ता झाला. मशीन कुठी उभी असते त्याचा नाई झाला. तुरीवाले शोधत येतीन त येऊ दे सरके दारात."

त्यांनी बाजेवरूनच बटण दाबलं. पानानं विचारलं, तुम्ही त्या जागेवर उभे आहात का? ते 'हो' म्हणाले. वर्तुळ मोठं झालं, थरथरत राहिलं. खाली ओळ आली.

"काय म्हन्ते ते?" त्यांनी विचारलं.

"आभाळ दिसेल असं मोकळ्यात उभे राहा," लुबनानं वाचलं. "लिंब आडवा येते अब्बा. आना, मी घेतो."

"नाई. बटन मी दाबलं."

त्यांनी काठी जवळ ओढली. हमिदा स्वयंपाकघराच्या दारात आली, हात पुढं करायला निघाली आणि थांबली. सत्तार उठले. आधी चांगला पाय, मग सळईचा. लिंबाच्या सावलीतून ते उन्हात गेले, थ्रेशरच्या पत्र्याला त्यांनी पाठ टेकली आणि फोन छातीशी धरून ताठ उभे राहिले.

वर्तुळ लहान होत होतं. त्यांना घाई नव्हती.